लस बरोबर, जागा चुकली

समजा, मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत. वय पंचेचाळीस. गंजलेल्या पत्र्याने पाय कापला म्हणून त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. जखम धुऊन झाली, आणि धनुर्वात-घटसर्पाची लस, म्हणजे 'टीडी'चे इंजेक्शन दंडाला घ्यायचे ठरले. केंद्रात गर्दी होती. ब्लाउजची बाही घट्ट, ती वर सरकेना. म्हणून बाईंनी गळ्याकडूनच ब्लाउज खांद्यावरून थोडा खाली ओढला. बाई स्टुलावर बसलेल्या, नर्सबाई उभ्या. जो भाग समोर उघडा दिसला तिथे सुई टोचली गेली. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले.

त्या रात्री खांदा ठणकू लागला. दंड दुखणे नेहमीचेच, दोन दिवसांत थांबेल असे घरचे म्हणाले. ते थांबले नाही. आठवड्याने फळ्याच्या वरच्या भागावर लिहिता येईना. मुलीची वेणी घालता येईना. त्या कुशीवर झोपता येईना. चार महिने औषधे, शेक, व्यायाम, खामगावच्या फेऱ्या आणि बिनपगारी रजा.

या बाई काल्पनिक आहेत, पण ही इजा काल्पनिक नाही. वैद्यकशास्त्रात तिला 'लस टोचण्याशी संबंधित खांद्याची इजा' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिर्व्हा' हे तिचे लघुनाम आहे. या इजेमागचे विज्ञान आणि तिची भरपाई मागण्याचा कायदा या दोन्ही गोष्टी आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. त्या एकत्र मांडण्याचे कारण असे, की 'हे यामुळेच झाले कशावरून?' हा प्रश्न प्रयोगशाळेत विचारला जातो आणि न्यायालयातही. दोन्हीकडे उत्तर शोधण्याच्या रीती मात्र वेगळ्या असतात.

खांद्यात असते काय?

आपला खांदा हा उखळीचा सांधा. पण ही उखळ फारच उथळ असते. म्हणून हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो सांधा सांभाळायला भोवती स्नायू व कंडरांचे जाळे लागते. खांद्याच्या टोकावर बोट ठेवले की हाडाचा एक कठीण कठडा लागतो. त्याला अंसकूट म्हणतात. त्याच्या खालून दंडाच्या बाहेरच्या बाजूला एक जाड, उलट्या त्रिकोणाच्या आकाराचा स्नायू उतरतो. हा डेल्टॉइड स्नायू. दंडाला टोचायच्या बहुतेक स्नायुगत लसी याच स्नायूत देतात.

या स्नायूच्या आत, हाडाला लागून, एक पातळ चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. तिच्यात थोडासा बुळबुळीत द्रव असतो. हात वर-खाली होताना स्नायू आणि हाड एकमेकांवर घासू नयेत, यासाठी ही सोय आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत तेलाचे चार थेंब टाकून ती दोन तळव्यांमध्ये धरून घासून पाहा, म्हणजे बर्सा काय काम करतो ते लगेच कळेल.

अडचण अशी, की ही पिशवी अंसकूटाच्या खालीच संपत नाही. ती डेल्टॉइडच्या वरच्या भागाखाली काही सेंटिमीटर उतरलेली असते, आणि प्रत्येकात सारखीच उतरलेली नसते. सुई योग्य जागी, म्हणजे स्नायूच्या मध्यावर गेली तर लस स्नायूत पडते. सुई खांद्याच्या अगदी वरच्या भागात गेली, किंवा कृश व्यक्तीला लांब सुईने टोचले, तर ती स्नायू ओलांडून बर्सात अथवा सांध्याभोवतीच्या कंडरांत पोचू शकते.

मग काय होते? लसीचे कामच मुळी शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करण्याचे. स्नायूत रक्तपुरवठा भरपूर. तेथे लस पसरते, तिची दखल घेतली जाते, दोन दिवस दंड दुखतो आणि प्रकरण संपते. बर्सात किंवा कंडरात मात्र रक्तपुरवठा बेताचा. तेथे लसीतले प्रतिजन रेंगाळते. त्या माणसाने आधी तीच लस घेतलेली असेल किंवा त्या रोगाचा संसर्ग होऊन गेलेला असेल, तर रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये तयारच असतात. ती तेथे येऊन भिडतात आणि दाह सुरू होतो. वेदना इतक्या लवकर, काही तासांतच का सुरू होतात, याचे आज सर्वांत पटणारे स्पष्टीकरण हे आहे. दाह टिकला की माणूस हात हलवायचे टाळतो, आणि हात हलला नाही की सांधा आखडत जातो.

अमेरिकेच्या लस-इजा भरपाई कार्यक्रमातील वैद्यकीय तज्ज्ञांनी २०१० साली अशा १३ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांच्या वेदना टोचल्यापासून २४ तासांत सुरू झाल्या होत्या, आणि जवळजवळ निम्म्यांनी सुई फार वर टोचली गेल्याचे सांगितले होते. त्या लेखापासून या इजेला स्वतंत्र ओळख मिळाली.

ही इजा विरळ आहे, हे येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेतच २०१६-१७ च्या फ्लू-लसीकरणाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर दहा लाख व्यक्तींमागे बर्साच्या दाहाचे सुमारे आठ जास्तीचे रुग्ण आढळले. ती मुख्यतः प्रौढांत दिसते. धनुर्वात किंवा घटसर्प झाल्यास जिवावर बेतते. खांद्याच्या इजेने तसे होत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी लस टाळली, तर त्याने लेख उलटा वाचला असे आम्ही म्हणू.

दोष कोणाचा : एक जुनी गोष्ट

लस आणि लस देण्याची कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायला मुंबईच्या इतिहासातले एक प्रकरण उपयोगी पडते.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात ती टोचली गेली, आणि एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण मलकोवालमध्ये ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब नंतर पुढे आली. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून ही बाजू मांडली आणि हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्याच संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

येथे लस निर्दोष होती. चूक ती देण्याच्या कृतीत झाली. अलीकडचे उदाहरण आपल्या विदर्भातलेच आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बरी झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांचे पाच प्रकार आहेत, आणि भारतातही तेच वापरले जाते. पहिला, लसीच्या गुणधर्मामुळे घडलेली घटना. दुसरा, त्या उत्पादनाच्या दर्जातील दोषामुळे घडलेली. तिसरा, लस देण्यातील चुकीमुळे घडलेली. चौथा, भीती आणि ताण यांमुळे घडलेली. उदाहरणार्थ, रांगेतच चक्कर येणे. पाचवा, निव्वळ योगायोग. आपल्या बाईंच्या खांद्याचे दुखणे यात कोठे बसेल? पटकन उत्तर येते : तिसऱ्यात. पण लस त्यात काहीच करीत नाही का? नुसते मीठ-पाणी चुकीच्या जागी टोचले असते, तर एवढा दीर्घ दाह झाला असता का? बहुधा नाही. जागा चुकली हे खरे, आणि दाह लसीतल्या प्रतिजनाने पेटवला हेही खरे. ही दुहेरी कारणपरंपराच पुढे कायद्यात वादाचा मुद्दा झाली.

'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे

आता पाचव्या प्रकाराचा, योगायोगाचा विचार करू. चाळीस ते साठ या वयात खांदा आखडणे हे तसे नेहमीचे दुखणे. मधुमेह असणाऱ्यांत ते अधिक. लस न घेताही ते होते. मग लसीनंतर झालेले दुखणे लसीमुळेच झाले हे कसे ठरवायचे?

एक हिशेब करू. तो वर्गातही करून घेता येईल. समजा, एका वयोगटात वर्षभरात हजारी दोन जणांना खांद्याचे नवे दुखणे सुरू होते. (हा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे.) त्या गटातील दहा लाख लोकांना लस दिली. लसीचा काहीही दोष नाही असे मानले, तरी वर्षभरात त्यांच्यातील २००० जणांचा खांदा दुखू लागणारच. टोचल्यानंतरच्या तीन महिन्यांत, म्हणजे पाव वर्षात, असे ५०० जण निघतील आणि त्यातले बरेच जण लसीकडे बोट दाखवतील. पण फक्त पहिल्या दोन दिवसांचा विचार केला तर? २००० भागिले ३६५ गुणिले २, म्हणजे सुमारे ११ जण.

याचा अर्थ असा, की लस आणि दुखणे यांमधला कालावधी जितका आखूड धरावा तितके योगायोगाचे रुग्ण गाळले जातात. खरी लसजन्य इजा लवकर सुरू होत असल्याने ती मात्र या चाळणीतून फारशी निसटत नाही. शिवाय आणखी चाळण्या लावता येतात. त्याच खांद्याला आधी कधी दुखणे होते का? दुखणे टोचलेल्याच खांद्यापुरते आहे का? मणक्याचा विकार वा दुसरे काही कारण सापडते का?

अमेरिकेच्या कायद्याने नेमक्या याच चाळण्या वापरल्या आहेत.

अमेरिकेचा 'तक्ता'

१९८० च्या सुमारास अमेरिकेत त्रिगुणी लसीविरुद्ध इतके खटले दाखल झाले, की काही कंपन्यांनी लस बनवणेच थांबवले आणि लसीचा तुटवडा पडू लागला. यावर तोडगा म्हणून तेथील संसदेने १९८६ साली बालकांच्या लस-इजांसंबंधी कायदा केला आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून भरपाई कार्यक्रम सुरू झाला. त्याची कल्पना साधी होती. प्रत्येक लसमात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते तितके पाऊण डॉलर कर घ्यायचा. त्या पैशाचा एक निधी करायचा. इजा झालेल्याने कंपनीवर किंवा नर्सवर नव्हे, तर शासनाच्या आरोग्य खात्याविरुद्ध अर्ज करायचा. विशेष न्यायाधिकाऱ्यांनी तो ऐकायचा. कोणाची चूक होती हे सिद्ध करण्याची गरज नाही.

या कायद्याचा कणा म्हणजे एक तक्ता. त्यात लस, इजा आणि इजा सुरू होण्याची मुदत असे रकाने असतात. अर्जदाराची हकिगत तक्त्यात बसली, तर इजा लसीमुळेच झाली असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी मग शासनावर येते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

२१ मार्च २०१७ पासून खांद्याची ही इजा तक्त्यात आली. अटी चार : आधी त्या खांद्याला दुखण्याचा इतिहास नसावा, वेदना ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी, वेदना आणि हालचालीची मर्यादा टोचलेल्या खांद्यापुरतीच असावी, आणि दुसरे कोणतेही कारण सापडू नये. याखेरीज, सर्व इजांना लागू असलेला नियम असा, की त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा, किंवा रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया करावी लागलेली असावी. अर्ज पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांच्या आत करायचा. उपचारखर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना या तिन्हींची भरपाई मागता येते. वेदनांसाठी अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे.

यानंतरच्या वर्षांत निम्म्याहून अधिक अर्ज खांद्याच्या इजेचेच येऊ लागले. तेव्हा वर सांगितलेला वाद उफाळला. जानेवारी २०२१ मध्ये तेथील आरोग्य खात्याने ही इजा तक्त्यातून काढण्याचा नियम जाहीर केला. युक्तिवाद असा, की हा निधी लसीने झालेल्या इजांसाठी आहे. सुई चुकीच्या जागी टोचली हा टोचणाऱ्याचा दोष, लसीचा नव्हे. विरुद्ध बाजू म्हणाली, की असे केले तर प्रत्येक रुग्णाला एकेका परिचारिकेवर किंवा औषधविक्रेत्यावर खटला भरावा लागेल. मग लस टोचायला पुढे येईल कोण? एप्रिल २०२१ मध्ये तो नियम रद्द झाला आणि इजा तक्त्यात कायम राहिली.

बाईंनी दाद मागायची कोठे?

आता परत बुलढाणा जिल्ह्यात येऊ. लस-इजांसाठी असा तक्ता असलेला कायदा भारताच्या संसदेने केलेला नाही. मग आपल्या बाईंपुढे कोणती दारे आहेत?

पहिले दार ग्राहक आयोगाचे. तो जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात असे ठरवले, की जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते तेथील रुग्ण कायद्याच्या अर्थाने 'ग्राहक' नव्हे. केवळ केसपेपरचे नाममात्र पैसे भरल्यानेही तो ग्राहक होत नाही. खामगावच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात पैसे देऊन फ्लूची लस घेतली असती, तर बाईंना दोन वर्षांच्या आत तेथे तक्रार करता आली असती. आरोग्य केंद्रातली मोफत लस मात्र या दारातून आत जात नाही. लसीकरण मोफत आहे ही आपल्या देशाची मोठी कमाई. पण तिची ही एक विचित्र बाजू आहे.

दुसरे दार दिवाणी न्यायालयाचे. ते उघडे आहे, आणि ते उघडे असण्यात मराठवाड्यातल्या एका खटल्याचा वाटा आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका महिलेवर बाळंतपणानंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात एक टॉवेल राहून गेला. काही दिवसांनी दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढला, पण ती महिला वाचली नाही. पतीने राज्य शासनावर दावा केला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ठरवले, की रुग्णालय चालवणे हे काही युद्ध करण्यासारखे सार्वभौम राजकार्य नव्हे. तेथील कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाबद्दल राज्य जबाबदार आहे. ३६,००० रुपयांचा हुकूम पुन्हा कायम झाला. तत्त्व प्रस्थापित झाले. पण १९६३ ते १९९६ या ३३ वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्या खटल्यात पोटातला टॉवेल हाच बोलका पुरावा होता. आपल्या बाईंपाशी असे काय आहे? सुई दोन बोटे वर गेली याची नोंद कोठेही नाही. टोचल्याची खूण दोन दिवसांत पुसली जाते. शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यायची, वकील करायचा, अस्थिरोगतज्ज्ञाची साक्ष काढायची, आणि नर्सबाईंनी वाजवी काळजी घेतली नाही हे सिद्ध करायचे. दिवसभरात शेकडोंना टोचणाऱ्या त्या नर्सबाईंना दोषी ठरवण्याची बाईंची इच्छाही नसेल. त्यांना हवा असतो उपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार. पण दोष सिद्ध केल्यावाचून भरपाई नाही, असे हे दार सांगते.

तिसरे दार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे, रिट अर्जाचे. पण जेथे वस्तुस्थितीबद्दलच वाद आहे, साक्षीपुरावे तपासायचे आहेत, तेथे उच्च न्यायालय साधारणतः दिवाणी न्यायालयाकडेच बोट दाखवते.

कोविडच्या काळात हा प्रश्न खांद्यापुरता राहिला नाही. २०२१ साली लसीनंतर मुलगी गमावलेल्या औरंगाबादच्या एका पित्याने मुंबई उच्च न्यायालयात भरपाईसाठी अर्ज केला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकार आणि लस उत्पादक यांना नोटिसा काढल्या. सर्वोच्च न्यायालयातही काही पालक गेले. त्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की लस घेणे ऐच्छिक होते, म्हणून शासनावर थेट दायित्व येत नाही. ज्याला इजा झाली त्याने दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे पुन्हा तेच दुसरे दार.

दोष न शोधता भरपाई आपल्याला नवी नाही

'दोष सिद्ध न करता भरपाई' ही कल्पना परदेशी वाटली, तरी आपल्या कायद्यांत ती केव्हाच रुजलेली आहे. मोटार अपघातात कोणाचीही चूक असली तरी ठरावीक रक्कम द्यायची, ही तरतूद १९८२ साली आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती रक्कम मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली. भोपाळच्या वायुकांडानंतर १९९१ साली झालेला सार्वजनिक दायित्व विमा कायदा याच तत्त्वावर आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत मृत्यू, गुंतागुंत किंवा अपयश आले तर ठरलेली रक्कम देण्याची शासकीय योजना २००५ पासून आहे. नव्या औषधाच्या किंवा लसीच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि सूत्राने ठरणारी भरपाई मिळते.

म्हणजे लस चाचणीत असताना तिची इजा झाली, तर नियमात भरपाईचे सूत्र आहे. तीच लस मंजूर होऊन गावोगाव गेली, की ते सूत्र मागे राहते. ही दरी भरावी असे म्हणण्यामागचे कारण दयेचे नाही, हिशेबाचे आहे. लसीकरणाचा लाभ सगळ्या समाजाला होतो. १९७५ नंतर भारतात देवी राहिल्या नाहीत. जानेवारी २०११ नंतर रानटी विषाणूचा पोलिओ सापडला नाही. लस घेणारा स्वतःबरोबर शेजाऱ्याच्या मुलालाही वाचवतो. लाभ सर्वांनी वाटून घ्यायचा आणि दहा लाखांतल्या आठांचा तोटा मात्र त्या आठांनीच सोसायचा, हे भागाकाराच्या कोणत्या नियमात बसते? जर्मनीने १९६१ साली आणि ब्रिटनने १९७९ साली अशा योजना केल्या त्या याच विचाराने. अर्थात योजना असली म्हणजे खांद्याला न्याय मिळतोच असे नाही. ब्रिटनमध्ये ६० टक्के अपंगत्वाची अट आहे. आपल्या बाई तेथेही रिकाम्या हाताने परततील. तक्त्यात काय लिहिले आहे, याला म्हणूनच महत्त्व.

भरपाईची भाषा केली तर लोक लसीला घाबरतील, असा एक आक्षेप घेतला जातो. आमचे मत उलट आहे. इजा होऊच शकत नाही असे सांगितले आणि शेजारच्या आळीत एकाला झाली, तर भीती दसपट पसरते. इजा क्वचित होते, ती अशी ओळखायची, तिची नोंद येथे करायची आणि तिची जबाबदारी समाज घेतो, असे सांगितले तर विश्वास टिकतो.

शाळेत करण्याजोगे

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस आहे. म्हणून लसीकरणाच्या दिवशी शाळेत रांग लागते. त्या दिवशी शिक्षकांना पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. टोचणारी व्यक्ती आणि मूल दोघांनाही बसायला खुर्ची द्यावी. उभ्याने टोचले की सुई वरच्या बाजूला जाण्याचा धोका वाढतो.

२. सैल बाहीचे कपडे घालून येण्यास आदल्या दिवशी सांगावे. गळ्याकडून कपडा ओढून खांदा उघडा करू नये. बाही वर जात नसेल तर हात बाहेर काढावा. त्यासाठी मुलींना आडोसा करून द्यावा.

३. कोणत्या हाताला, किती वाजता, कोणत्या बॅचची लस दिली, हे वहीत टिपावे.

४. तीन-चार दिवसांनंतरही हात वर जात नसेल तर ते दुखणे अंगावर काढू नये. आरोग्यसेविका किंवा वैद्यकीय अधिकारी यांना कळवावे आणि लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना म्हणून नोंद करण्यास सांगावे. या नोंदीने भरपाई मिळत नाही. पण उद्या ती मागायची झाली तर हाच पहिला कागद. आणि पुढच्याची इजा टळते ती अशाच नोंदींमुळे.

करून पाहा : विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. जोडीदाराच्या खांद्यावर बोटाने अंसकूटाचा कडा शोधा. त्याच्या खाली दोन ते तीन बोटे आडवी ठेवा. काखेच्या रेषेची उंचीही पाहा. या दोहोंच्या मधला, उलट्या त्रिकोणाचा मांसल मध्यभाग ही लसीची जागा. बाहीवर खडूने तेथे खूण करा. त्याहून वर बर्सा असतो. फार खाली किंवा मागे गेल्यास चेतातंतूंना धक्का लागण्याची शक्यता असते. आता फळ्यासाठीचा मोठा कोनमापक घेऊन जोडीदाराचा हात बाजूने किती अंशांपर्यंत वर जातो ते मोजा. निरोगी खांदा १८० अंशांच्या जवळ जातो. हाच आकडा ९० वर अडकला, तर फळ्याचा किती भाग हाताबाहेर जाईल, ते प्रत्यक्ष लिहून पाहा.

आपल्या बाईंच्या चार महिन्यांचे मोल रुपयांत किती करावे, हे कायद्याने ठरवायचे आहे. तो कायदा होईल तेव्हा होवो; दोन खुर्च्या आणि एक सैल बाही एवढी व्यवस्था मात्र पुढच्या लसीकरणाच्या दिवशीच होण्यासारखी आहे.